फसफसणारी रेड वाइन: लातूरच्या उन्हात पहिली बाटली उघडण्याआधी

लाम्ब्रुस्को या फसफसणाऱ्या इटालियन रेड वाइनची आमची पहिली बाटली मी मे महिन्यात दुपारी साडेतीनला उघडली. निम्मी वाइन छताला, भिंतीला आणि जेवायला आलेल्या मामांच्या पांढऱ्याशुभ्र शर्टाला लागली. चूक सगळी माझीच. "रेड वाइन फ्रीजमध्ये ठेवत नसतात, ती खोलीच्या तापमानालाच प्यायची," हे कुठंतरी ऐकलेलं डोक्यात पक्कं बसलं होतं, म्हणून बाटली दोन दिवस स्वयंपाकघरातल्या फडताळावर उभी होती. हा नियम ज्यांनी केला त्यांच्या खोल्या गार दगडी घरांतल्या होत्या. आपल्या खोलीचं तापमान मे महिन्यात काय असतं ते सांगायला नको.

बाटली भाचीनं आणलेली. ती इटलीत पार्माला अन्नविज्ञान शिकते. सुट्टीला येताना मोदेनाजवळच्या एका छोट्या घरगुती सेंद्रिय वाइनरीतून दोन बाटल्या घेऊन आली. आईवडील, दोन मुलं आणि त्यांचीच द्राक्षबाग, एवढाच त्यांचा कारभार. त्यानंतर बऱ्याच बाटल्या उघडून झाल्या आणि छताला एकही लागली नाही. तेव्हा नव्यानं सुरुवात करणाऱ्यांसाठी क्रमवार लिहिते.

आधी ओळख करून घ्या

उत्तर इटलीत एमिलिया-रोमान्या नावाचा प्रांत आहे. मोदेना आणि रेज्जो एमिलिया ही त्यातली शहरं. तिथल्या लाम्ब्रुस्को या लाल द्राक्षांपासून हलक्या बुडबुड्यांची वाइन करतात, तिला त्यांच्याकडे 'फ्रिझांते' म्हणतात. शॅम्पेनइतका जोर तिच्यात नसतो. शॅम्पेनच्या बाटलीत 5 ते 6 बार दाब असतो, फ्रिझांतेत 1 ते 2.5 बार. आपल्या कारच्या टायरात 32 पीएसआय हवा भरतो, ती सुमारे 2.2 बार होते. म्हणजे या बाटलीत टायराएवढा दाब असू शकतो. आणि हे माप 20 अंश तापमानाला घेतलेलं असतं. बाटली तापली की दाब चढतो. मामांचा शर्ट आठवा.

बुडबुडे येतात दुसऱ्या आंबवणीतून. पहिल्यांदा रस आंबून वाइन होते. मग थोडी साखर आणि यीस्ट शिल्लक असताना तिला बंद भांड्यात पुन्हा आंबू देतात आणि तयार होणारा वायू आतच अडकतो. मोठे कारखाने हे काम स्टीलच्या बंद टाकीत करतात. छोटे घरगुती उत्पादक पुष्कळदा बाटलीतच करतात, आणि मग तळाशी यीस्टचा गाळ राहतो. ताजी शिंदी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही फसफस आणि हा गढूळपणा नवा वाटणार नाही.

लेबल वाचा, दुकानदाराच्या भरवशावर राहू नका

आपल्याकडच्या वाइन शॉपमध्ये रेड वाइन मागितली की समोर येते गोव्याची गोड पोर्ट. मी एकदा एका दुकानात विचारलं, तर काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "मॅडम, साहेबांना पाठवा ना." साहेबांना यातलं ओ की ठो कळत नाही हे त्याला कुठं माहीत! ही वाइन मिळण्याची शक्यता पुण्या-मुंबईच्या मोठ्या दुकानांत जास्त, आणि परदेशी वाइनवर वर्षानुवर्षं 150 टक्के आयातशुल्क राहिल्यामुळं किंमत टोचतेच. परदेशातून येणारं कुणी असेल तर सोपं: एका माणसाला 2 लिटरपर्यंत दारू शुल्काशिवाय आणता येते. 750 मिलिलिटरच्या दोन बाटल्या त्यात बसतात, तिसरी नाही. राज्यात वाइनसाठी वय 21 पूर्ण हवं आणि पिण्याचा परवाना लागतो. दुकानातून घेतली तर बिल जपून ठेवा.

लेबलवर तीन गोष्टी शोधा.

गोडी. 'सेक्को' म्हणजे कोरडी, साखर लिटरला 15 ग्रॅमपर्यंत. 'आमाबिले' म्हणजे गोडसर आणि 'दोल्चे' म्हणजे चक्क गोड. पहिल्यांदा पिणाऱ्याला लोक दोल्चे देतात, कारण "गोड सगळ्यांना आवडतं". मला हे पटत नाही. 1970 आणि 80च्या दशकांत अमेरिकेत गोड लाम्ब्रुस्को धो-धो खपली आणि लाम्ब्रुस्को म्हणजे लाल सरबत अशी तिची बदनामी झाली, ती अजून पुरती पुसलेली नाही. सुरुवात सेक्कोनं करा. फक्त जेवणात ठेचा असेल तर वेगळं, ते पुढं येईल.

द्राक्षाचं उपनाव. लाम्ब्रुस्को हे एक द्राक्ष नाही, घराणं आहे. सोर्बारा फिकट, गुलाबीकडं झुकणारी, आंबट आणि स्ट्रॉबेरीच्या वासाची. ग्रास्पारोसा गडद जांभळी, जिभेला जांभळासारखी ओढ आणणारी. सालामिनो या दोघींच्या मधली. तिचा घड छोट्या सालामीसारखा, म्हणजे मसालेदार मांसाच्या वळकटीसारखा दिसतो म्हणून ते नाव. मला स्वतःला सोर्बारा आवडते, दादाला ग्रास्पारोसा.

तिसरी गोष्ट कुणी केली ती. 'आझिएंदा आग्रिकोला' असं लिहिलेलं असेल तर ती स्वतःच्या द्राक्षांची वाइन करणारी शेती. 'कांतिना सोचाले' म्हणजे सहकारी वाइनरी, आपल्या सहकारी साखर कारखान्यासारखी, शेकडो शेतकऱ्यांचा माल एकत्र. सहकारी म्हणजे वाईट असं अजिबात नाही, पण एका घराच्या हाताची चव हवी असेल तर पहिला शब्द बघा.

सेंद्रिय म्हणजे काय, हे बागायतदाराला विचारा

माझा भाऊ औसा तालुक्यात द्राक्षं करतो. भाचीनं बाटलीवरचं हिरवं पान दाखवलं, बारा ताऱ्यांनी काढलेलं, युरोपच्या सेंद्रिय मालावर छापावंच लागणारं. त्याच्या जवळ तपासणी संस्थेचा सांकेतिक क्रमांक असतो, इटलीचा असेल तर 'आयटी-बायो'नं सुरू होणारा. दादानं चष्मा कपाळावर चढवला, बाटली डोळ्यांपाशी नेली आणि पहिलाच प्रश्न केला, "मग डाऊनीला हे काय मारायलेत?"

प्रश्न अगदी नेमका. डाऊनी आणि भुरी हे द्राक्षावरचे बुरशीचे रोग इटलीतही येतात, पाऊस तिथंही चुकत नाही. उत्तर असं, की सेंद्रिय म्हणजे बिनफवारणीचं नव्हे. मोरचूद (म्हणजे तांब्याचा क्षार) आणि चुना, म्हणजे आपलंच बोर्डो मिश्रण, तिथं चालतं. गंधकही चालतं. बंदी आहे ती कृत्रिम बुरशीनाशकांवर, तणनाशकांवर आणि रासायनिक खतांवर. तांब्यालासुद्धा मर्यादा आहे: 7 वर्षांत हेक्टरी 28 किलो, म्हणजे वर्षाला सरासरी 4. पावसाळी वर्षी जास्त मारलं तर पुढं कमी मारायचं. दादा बराच वेळ बोटांवर हिशेब करत होता. शेवटी म्हणाला, "त्यायचं बरंय. वर्षात एकच छाटणी, अन् थंडीत वेल झोपून जातो." आपल्याकडं एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळ छाटणी, आणि वेलीला झोप नाहीच. तिथल्या थंडीत बुरशीचं चक्र मोडतं. आपल्या हवामानात द्राक्ष सेंद्रिय करणं त्यामुळंच जास्त जड जातं.

वाइन करतानाही नियम आहेत. युरोपात 2012 आधी लेबलवर फक्त 'सेंद्रिय द्राक्षांपासून केलेली वाइन' एवढंच लिहिता यायचं. त्या वर्षी वाइनरीतल्या प्रक्रियेचे नियम आले आणि 'सेंद्रिय वाइन' म्हणता येऊ लागलं. साखर जवळपास संपलेल्या साध्या लाल वाइनमध्ये लिटरला 150 मिलिग्रॅमपर्यंत सल्फाइट चालतं, सेंद्रिय असेल तर 100. लेबलवर 'सल्फाइट आहे' असं वाचून दचकू नका. सोनेरी बेदाण्याला गंधकाची धुरी देतात, ती याच जातीची. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी मात्र दोन्हीकडं जपून असावं. शुद्ध शाकाहारी असाल तर आणखी एक: वाइन नितळ करायला काही जण अंड्याचा पांढरा बलक वापरतात. गाळ तसाच ठेवलेल्या बाटल्यांमध्ये ही भानगड बहुधा नसते, तरी विचारून घ्या.

घरी आणताना

बाटली कधीही गाडीच्या डिकीत ठेवू नका. पुण्याहून लातूर गाठेपर्यंत उन्हाळ्यात डिकीची भट्टी होते, बूच वर सरकतं आणि वाइन शिजल्यासारखी लागते. रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं येत असाल तर पिशवी पायाशी घ्या. विमानात ती सामानातच टाकावी लागते. भाचीनं दोन सुती साड्यांत गुंडाळून आणल्या, त्याहून चांगलं वेष्टण मी पाहिलेलं नाही.

घरी आल्यावर फ्रीजचा खालचा कप्पा, आणि बाटली उभीच. फ्रीजच्या डोक्यावर नको, तिथं गरम हवा असते. गावाकडं जुनं माळवदाचं घर असेल तर त्याची उत्तरेकडची आतली खोली पावसाळा-हिवाळ्यात छान चालते. उन्हाळ्यात फ्रीजच. आणि वर्षानुवर्षं साठवू नका. ही वाइन मुरत नाही, शिळी होते. वर्ष-दोन वर्षांत संपवा.

गार करणं: इथंच सगळं ठरतं

प्यायचं तापमान सोर्बारासाठी 8 ते 10 अंश, गडद ग्रास्पारोसासाठी 12 ते 14. घरच्या फ्रीजमध्ये 4-5 अंश असतात, म्हणजे फ्रीजमधून काढलेली बाटली थोडी जास्तच गार. हिवाळ्यात पंधरा मिनिटं बाहेर ठेवा. मे महिन्यात पाच मिनिटं पुष्कळ झाली. तेवढ्यात पाहुण्यांनी चपला काढून पाणी पिऊन होतं.

वीज गेली तर? आमच्याकडं हे अधूनमधून होतंच. एका बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी आणि मूठभर खडेमीठ टाकून बाटली मानेपर्यंत बुडवा. वीस ते तीस मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फात खुपसली तर वेळ लागतो, कारण बर्फाचे खडे काचेला नीट टेकत नाहीत, पाणी टेकतं. ओलं फडकं गुंडाळून कूलरपुढं ठेवायची युक्ती मी करून पाहिली. कोरड्या हवेत बाटली गार होते, पण मे महिन्यात माठातलं पाणी कितीही गार लागलं तरी विसेक अंशांच्या खाली सहसा जात नाही, तसंच हे. चाळीस अंशांची बाटली पंचविसावर येईल, दहावर येणार नाही. फ्रीझरमध्ये टाकून विसरणं सगळ्यात वाईट. वाइन गोठते, फुगते आणि बाटली तडकते.

डिसेंबर-जानेवारीत यातलं काहीच करावं लागत नाही. हुरड्याच्या वेळी शेतात संध्याकाळी बाटली ओलं फडकं गुंडाळून बांधावर ठेवली, की आगटी पेटेपर्यंत ती बरोब्बर गार झालेली असते.

उघडताना

तोंड तीन प्रकारचं असतं. एक, सोड्याच्या बाटलीसारखं पत्र्याचं झाकण. बाटलीत आंबवलेल्या घरगुती वाइनला पुष्कळदा हेच असतं. त्यात कमीपणा काही नाही. साध्या ओपनरनं उघडा, पण झाकण एका झटक्यात उडवू नका. कड थोडी उचला, फुस्स होऊ द्या, मग काढा. दुसरं, साधं बूच, दोरीनं बांधलेलं. तिसरं, छत्रीसारखं बूच आणि वर तारेची जाळी.

जाळीवाल्याचं नीट समजून घ्या. बाटली निदान तासभर न हलवता उभी असली पाहिजे. वरचा कागद काढा. अंगठा बुचावर दाबून ठेवा आणि तो शेवटपर्यंत उचलू नका. तारेचं कडं सहा अर्धे वेढे उलटे फिरवा, जाळी सैल होईल, पण काढू नका, ती बुचावरच राहू द्या. वरून सुती पंचा टाका. बाटली तिरकी धरा, तोंड माणसांकडं नको आणि ट्यूबलाइटकडंही नको. आता बूच घट्ट धरून ठेवा आणि बाटली बुडाकडून फिरवा. बूच वर यायला लागलं की त्याला सोडायचं नाही, उलट थोपवायचं. आवाज निघालाच तर हलकासा उसासा निघावा. गोटी सोड्याचा 'टॉक्' इथं शोभत नाही, त्या आवाजासोबत निम्मे बुडबुडे आणि कपभर वाइन बाहेर पडते.

डाग पडलाच तर लगेच गार पाण्यात धुवा, मीठ चोळून ठेवा आणि मग साबण. गरम पाणी लावू नका. मामांच्या शर्टाला मामींनी गरम पाणी लावलं होतं. तो शर्ट आता पेरणीच्या वेळी घालतात.

ओतताना आणि पहिला घोट

उंच अरुंद ग्लास आणायला बाजारात धावू नका. साधा पोटाळ वाइन ग्लास उत्तम. एमिलियात जुने लोक पांढऱ्या चिनीमातीच्या वाडग्यातून ही वाइन पितात, तेव्हा तुमच्या चहाच्या काचेच्या ग्लासालाही लाजायचं कारण नाही. स्टीलचा पेला मात्र नको, रंग दिसत नाही. ग्लास तिरपा धरून तिसरा हिस्सा ओता. गुलाबी-जांभळा फेस वर चढेल. तो बसू द्या आणि मग पुन्हा ओता. हा फेस पटकन विरतो, विरायलाच हवा.

बाटली गढूळ असेल तर दोन मार्ग: आदल्या दिवसापासून उभी ठेवून वरचं निवळ हळूच ओतायचं, किंवा उघडण्याआधी बाटली एकदाच सावकाश आडवी-उभी करून गाळ मिसळून घ्यायचा. निवळलेली हलकी लागते, गाळासकट घेतली तर ताज्या पावासारखा वास येतो. तळाशी बसलेलं ताक ढवळून घेणाऱ्यांना दुसरा प्रकार आवडेल. बाटली जोरात हलवू नका, एवढं लक्षात ठेवा.

आधी वास घ्या, मग छोटा घोट. दादाचा पहिला अभिप्राय असा: "ही तर कोकमाच्या सरबतासारखी लागायलीय, अन् मागून जांभूळ." भाची हसली, पण यापेक्षा नेमकं वर्णन मला अजून सापडलेलं नाही. व्हिनेगरसारखा किंवा ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर मात्र ती बिघडलेली आहे. शिष्टाचार म्हणून पिऊ नका.

ताटात काय

मोदेनाकडं ही वाइन डुकराच्या चरबीदार मांसासोबत आणि मुरलेल्या चीजसोबत पितात. कारण सोपं आहे. चरबी जिभेवर थर धरते, वाइनचा आंबटपणा आणि बुडबुडे तो थर खरवडून काढतात. आपल्याकडं चरबीचा विषय निघाला की मटण.

पण आधी इशारा. तिखट आणि कोरडी, ओढ आणणारी लाल वाइन यांचं जमत नाही. मिरचीची आग वाइनमधल्या अल्कोहोलनं वाढते, बुडबुड्यांनी आणखी टोचते आणि तुरटपणा कडू होऊन बसतो. काळं तिखट सढळ हातानं घातलेल्या मटणाच्या रश्श्यावर ग्रास्पारोसा सेक्को घेतली तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं. तीच तर्री बाजूला काढून सुकं मटण आणि ज्वारीची भाकरी घेतली, आणि चित्र बदललं. रस्सा हवाच असेल तर आमाबिले घ्या, तिची गोडी मिरचीला थोपवते. ठेचा-भाकरीलाही आमाबिलेच. छत्रपती संभाजीनगरच्या नान खलियासोबत सोर्बारा सुंदर लागते, कारण खलियाची तेलकट तर्री तिखटापेक्षा खमंग जास्त असते आणि नान ती सगळी शोषून घेतो.

शाकाहारी ताटात माझी पहिली पसंती भरल्या वांग्याला. दाण्याचं कूट, तीळ आणि तेल, त्यावर आंबट गार घोट. दही-धपाटेही चालतात. येसर आमटी नाही जमली, दोनदा करून पाहिली. तिचा भाजका, मसालेदार वास वाइनला बोलूच देत नाही. पुरणपोळीसोबत तर मुळीच नको: पदार्थ वाइनपेक्षा गोड असला की वाइन नुसती आंबट लागते.

आणि हुरडा. गोवऱ्यांच्या आगटीत भाजलेली कणसं, तळहातावर चोळून फुंकर मारलेले ते गरम हिरवे दाणे, सोबत दाण्याची चटणी. हुरड्याची कोवळी गोडी आणि धुराचा वास यांच्यावर गार सोर्बारा. मोदेनाच्या त्या कुटुंबाला हे एकदा खायला घालायचं आहे, असं भाची दर हुरड्याला म्हणते.

किती, आणि उरली तर

अल्कोहोल साधारण 10.5 ते 12 टक्के असतं, गोड प्रकारांत कमी. सरबतासारखी लागते म्हणून फसू नका: 11 टक्क्यांच्या 150 मिलिलिटरच्या एका ग्लासात 13 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जातं. बाटलीत असे पाच ग्लास. "वाइन हृदयाला चांगली" हे सांगणाऱ्यांना सांगा, की जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 मध्ये दारूची कुठलीच मात्रा निर्धोक नाही असं स्पष्ट म्हटलं आहे. चवीसाठी घ्या, औषध म्हणून नको. गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारा आणि पिऊन गाडीला हात लावू नका. शेतातून घरी येताना आमच्याकडं स्टिअरिंगवर न पिणाराच बसतो, बहुतेक वेळा मामा.

उरलेली बाटली दाबाचं झाकण लावून फ्रीजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी संपवा. तोंडात चमचा अडकवला की बुडबुडे टिकतात ही नुसती थाप आहे. तिसऱ्या दिवशी बुडबुडे गेलेली वाइन मी एकदा चिनीमातीच्या बरणीत ओतली, तिच्यात घरचं न गाळलेलं व्हिनेगर दोन चमचे घातलं, तोंडाला मलमल बांधली आणि फडताळात ठेवून दिली. दीड महिन्यानं झणझणीत लाल व्हिनेगर झालं. कांदा उभा चिरून त्यात अर्धा तास बुडवला आणि दादाच्या ताटात भाकरीशेजारी वाढला. त्यानं दोन फोडी खाल्ल्या आणि म्हणाला, "पुढच्या खेपेला थेट हेच कर."